दहा सायकली कमी

अमेरिकेहून आलेलं ते खोकं उघडलं तेव्हा मी मित्राच्या घरी जेवायला होतो. मित्र आणि मी नगरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाचे डिमॉन्स्ट्रेटर. तो लगतच्या भिंगारला आईवडिलांबरोबर राहायचा, मी गावात दिल्ली दरवाजाजवळ एका खोलीत. रविवारी त्याची आई मला हक्काने बोलवायची. रविवारी संध्याकाळी खाणावळ बंद असते आणि मी दुपारीच दोन वेळचं जेवून घेतो, हे तिने कधीतरी ओळखलं होतं. ओळखलं आहे हे मात्र तिने मला कधी जाणवू दिलं नाही. पोळी वाढताना ती फक्त म्हणायची, "अजून एक घे रे, उगाच उरते."

जेवण झाल्यावर मित्राने कपाटावरून खोकं खाली काढलं. त्याच्या मोठ्या बहिणीचा नवरा अमेरिकेत इंजिनीअर होता. त्याने गावी येणाऱ्या कुणाबरोबर तरी ते पाठवलं होतं. झाकण उघडल्यावर आधी वास आला, नव्या प्लास्टिकचा. त्यापूर्वी मी कधी नवं सामान हुंगलेलं नव्हतं. माझ्या वाट्याला यायचं ते सगळं कुणीतरी वापरून टाकलेलं असायचं. खोक्यात, दाबला की करकरणाऱ्या पांढऱ्या पदार्थात, चार छोट्या काचेच्या नळ्या निजवल्या होत्या. शेजारी हिरवी पाटी, तिच्यावर कुठला भाग कुठे बसवायचा ते छापलेलं. बाकीचे भाग पुड्यांमध्ये, पुड्यांवर नंबर.

ते आकड्यांच्या घड्याळाचं सामान होतं. आज अशी घड्याळं फुटपाथवर मिळतात, म्हणून सांगायला हवं की सत्तरीच्या सुरुवातीला आमच्या गावात कुणी ते चित्राखेरीज पाहिलेलं नव्हतं. काटे नाहीत, किल्ली नाही, टिकटिक नाही. प्रत्येक नळीत तारेचे दहा आकडे एकामागे एक उभे असायचे आणि ज्याची पाळी असेल तो तेवढा नारिंगी पेटायचा. तिकडे म्हणे हौशी लोक असं सामान टपालाने मागवून घरी जोडत.

"भावजी म्हणतात, हे अगदी स्वस्तातलं आहे," मित्र म्हणाला.

मी एक नळी हातात घेतली. तिच्या काचेवर ओरखडा नव्हता. मी ती परत ठेवली आणि छान आहे म्हणालो. दुसऱ्या नळीला मात्र हात लावला नाही.

त्याला कारण होतं. आकड्यांचं घड्याळ मी करत होतो. वर्ष होऊन गेलं होतं. आमच्या विभागप्रमुखांकडे परदेशी मासिकाचा एक जुना अंक आला होता, त्यात या घड्याळाची आकृती होती. सर म्हणाले होते, "बघ, जमतं का. इथे हे केलं तर पुढच्या विज्ञान प्रदर्शनात दारातच ठेवू." सर माझे शिक्षकही होते. मला डिमॉन्स्ट्रेटरची जागा मिळाली तीही त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला म्हणून. त्यांनी 'बघ' म्हटलं म्हणजे मला आज्ञाच होती. ती आकृती मी हाताने उतरवून घेतली आणि सामान जमवायला लागलो.

भिंगारच्या जुन्या बाजारात लष्कराचं मोडीत काढलेलं सामान यायचं. त्या ढिगाऱ्यात फुटक्या डायलखाली, तुटक्या हेडफोनखाली कधीतरी एखादं मोजमापाचं यंत्र सापडायचं, आणि त्यात अशा नळ्या असायच्या. बहुतेक मेलेल्या. मी त्या प्रयोगशाळेत आणून तपासायचो. एखादीत सात पेटायचा, आठ पेटायचा नाही. अशी वर्षभरात मी तीन धडधाकट नळ्या मिळवल्या होत्या. मोजणी करणाऱ्या चिप्स मुंबईहून कुणी येणारजाणार असला की एकेक मागवायचो. हे सगळं एका पत्र्याच्या डब्यात कापसात ठेवलेलं होतं, आणि तो डबा माझ्या उशाशी असायचा.

नगरमधलं पहिलं आकड्यांचं घड्याळ माझ्या हातचं असावं, एवढंच मला हवं होतं. दुसऱ्याच्या दृष्टीने ही फार लहान गोष्ट. पण मी पुणतांब्याच्या शेतकऱ्याच्या घरातला, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. कॉलेजात असताना एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम करून शिकलो. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, मी तिथं नेमकं करतो काय. मी सांगितलं की प्रोफेसर शिकवतात, मुलं प्रयोग करतात, आणि प्रयोगाचं सामान मी मांडून देतो, चुकलं तर दाखवतो.

वडिलांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "म्हंजी मांडववाल्यावानी. मांडव तुझा, लगीन दुसऱ्याचं."

ते हसत हसत म्हणाले होते, आणि आईही हसली होती. मीही हसलो. पण परतीच्या गाडीत ते वाक्य माझ्या शेजारच्या सीटवर बसून नगरपर्यंत आलं.

आता पुन्हा मित्राकडे वळतो. त्याच्या घरी आजोबा मास्तर, वडील लष्कराच्या हिशेब खात्यात, काका वकील. त्याला पदवी मिळाली त्या दिवशी त्यांच्याकडे कुणी पेढेसुद्धा आणले नव्हते. तो मनाने चांगला होता, हेच अवघड होतं. वाईट असता तर मला त्याचा राग धरता आला असता. माझ्या घड्याळाची आकृती मीच त्याला उत्साहाने समजावून सांगितली होती, आणि त्याने ती गोष्ट तितक्याच उत्साहाने बहिणीला कळवली होती. त्यातून हे खोकं आलं.

"तुझ्याच डोक्यातलं आहे हे, पुणतांबा," तो म्हणाला. तो मला गावाच्या नावाने हाक मारायचा. "आता एक सांगू? जोडायचंही तूच. माझा हात म्हणजे तुला माहीत आहे. मी कथिल लावलं की पाटीवर गोगलगाय चालल्यासारखं दिसतं."

मी नाही म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. एक तर त्या घरचं मीठ खाल्लं होतं. आणि दुसरं म्हणजे ते सामान दुसऱ्या कुणाच्या हातात जावं, हेही मला सहन होत नव्हतं.

त्यानंतरचे तीन-चार रविवार मी त्याच्या पडवीत, उजेडाला तोंड करून, दुसऱ्याचं घड्याळ जोडत बसलो. तो बाजूला आरामखुर्चीत बसून सोबत आलेलं माहितीपत्रक वाचायचा. "आता पुडी नंबर चार," असं म्हणायचा आणि पुडी कापून माझ्या हातात द्यायचा, मांडव घालणाऱ्याला खिळे द्यावेत तशी. माझ्या मनात काय काय यायचं ते सांगायला संकोच वाटत नाही, कारण माझ्या बोटांनी ते कधी ऐकलं नाही. वाटायचं, एखादा जोड कच्चा राहावा. वाटायचं, एखादी नळी त्याच्या हातून पडावी. पण सोल्डरिंग आयर्नचं टोक तापलं, राळेचा धूर नाकात गेला, की बोटं दुकानात शिकलेलं करायची. कथिल वितळून चकचकीत थेंब बसला की मला बरं वाटायचं, आणि हा थेंब त्याच्या घड्याळावर बसला हे आठवलं की वाईट. दुपारभर असं चालायचं. एका जोडाला बरं, दुसऱ्या क्षणाला वाईट.

मधेच त्याची आई थालीपीठ घेऊन यायची आणि माझ्या खांद्यावरून पाटीकडे बघायची. "किती नीटस करतोस रे. रांगोळीच," म्हणायची. मग मुलाकडे वळून, "आणि तू काय नुसता बसलायस?" तो म्हणायचा, "मी मालक आहे." तिघेही हसायचो. माझं हसणं बाकीच्या दोघांपेक्षा जरा आधी संपायचं.

एका बाबतीत मात्र आम्ही फार सावध होतो. अमेरिकेतली वीज एकशे दहा व्होल्टची आणि आपली दोनशे तीस, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. भिंगारमध्ये कुणाचा तरी परदेशी रेडिओ सरळ प्लगात घातल्यावर धूर निघाल्याची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. म्हणून आम्ही दोनशे तीसचे एकशे दहा करणारा ट्रान्सफॉर्मर मुद्दाम करवून घेतला, दोनदा मोजला, आणि आपण कसे शहाणे आहोत यावर एक पूर्ण चहा प्यायलो.

शेवटच्या रविवारी संध्याकाळी घड्याळ पेटलं. आधी चारही नळ्यांत काहीबाही आकडे आले. मग रेडिओवर सातच्या बातम्यांचे ठोके पडले तसे मित्राने बटण दाबून सात लावले. एक मिनिट गेलं. शेवटच्या नळीतलं शून्य विझलं आणि त्याच्या थोडं मागे एक पेटला. मित्राच्या वडिलांनी टाळी वाजवली. आईने घड्याळाला हळदकुंकू लावलं, काचेला नको म्हणून खोक्याला. मित्राचा चेहरा त्या उजेडात नारिंगी झाला होता आणि तो इतका खूश होता, की मी चप्पल शोधण्याच्या निमित्ताने पडवीत गेलो. उशीर होतोय असं सांगून मी सायकल काढली.

परत येताना मी स्वतःला समजावत होतो. घड्याळ त्याचं, हात माझा. पण दारात ठेवलेल्या घड्याळावर हाताचं नाव कोण लिहितो?

दुसऱ्या दिवशी मित्र कॉलेजात आला तो घड्याळ कापडात गुंडाळून घेऊनच. सरांच्या खोलीत त्याने ते टेबलावर ठेवलं. मीही गेलो.

"सर, रात्री सातला लावलं होतं," तो म्हणाला. "सकाळी सातला बघतो तर पाच."

सरांनी घड्याळ उलटं केलं, खिशातून भिंग काढलं आणि पाटीवरून फिरवलं. "जोड कुणी केले?"

"याने," मित्र म्हणाला. त्यात खोच नव्हती. जे होतं ते त्याने सांगितलं.

सर म्हणाले, "हात चांगला आहे. पण एखादा जोड सुका राहिला असेल. मधून मधून ठोका गळत असणार. सगळे पुन्हा एकदा तापवून घे."

सर हे रागाने म्हणाले नाहीत. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. मी फक्त "हो सर" म्हणालो. आणि माझ्या लक्षात आलं, की इतके दिवस जे मनात मागत होतो ते मिळालं होतं. मित्राचं घड्याळ बिघडलं होतं. पण बिघाड माझ्या नावावर जमा झाला होता. त्या घड्याळात माझं म्हणून जे एकच होतं, ते म्हणजे ते जोड, आणि त्यांच्यावरच बोट ठेवलं गेलं होतं.

दुपारपर्यंत ही गोष्ट स्टाफरूममध्ये पोचली. रसायनशास्त्राचे एक जण मला जिन्यात म्हणाले, "काय हो, तुमच्या घड्याळाला म्हणे सर्दी झालीय, गळतं." मी हसलो. केमिस्ट्रीचा माणूस, त्याला काय सांगायचं?

मी एकही जोड तापवला नाही. पाटी घेऊन बसलो आणि प्रत्येक जोड मीटर लावून तपासला. सगळे पक्के होते. मग घड्याळ चालू करून एका मिनिटाला किती वेळ लागतो ते मनगटी घड्याळावर पाहिलं. बहात्तर सेकंद. पुन्हा पाहिलं. बहात्तर. तिसऱ्यांदाही तेवढेच. सुका जोड असा नियमाने गळत नाही. गळणारी गोष्ट कधी जास्त गळते, कधी कमी. हे घड्याळ गळत नव्हतं. ते आपल्या हिशेबाने अगदी बरोबर चाललं होतं, फक्त तो हिशेब मला कळत नव्हता. मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तरी तापवून तर बघ." मला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं.

ते कळलं ते प्रयोगशाळेत. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एक प्रयोग असतो, ताणलेल्या तारेवरून विजेची कंप्रता मोजण्याचा. तारेत वीज सोडायची, जवळ चुंबक धरायचा, तारेची लांबी कमीजास्त करत राहायचं. तार जोरात थरथरायला लागली की त्या लांबीवरून वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते ते काढायचं. तेव्हा त्याला आम्ही सायकल म्हणायचो. उत्तर पन्नास सायकल. दरवर्षी पन्नास. कुणाचं सत्तेचाळीस आलं तर तो आकडेमोडीत कुठेतरी चिमटा काढून पन्नास करून आणायचा, आणि आम्ही ते मान्य करायचो.

त्या दिवशी एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, साठ येतंय. चुकलं ना?"

मी वर न बघता म्हणालो, "साठ अमेरिकेत येईल. इथे पन्नासच यायला हवं."

हे वाक्य मी दरवर्षी म्हणायचो. तो माझा ठरलेला विनोद होता. मुलं हसली. मी हसलो नाही, कारण या वेळी ते मला ऐकू आलं.

असं घड्याळ विजेच्या सायकली मोजून चालतं. अमेरिकेतल्या साठ सायकली झाल्या की त्याचा एक सेकंद होतो. इथे सेकंदाला पन्नासच येत होत्या. ते बिचारं साठ पुऱ्या होईपर्यंत थांबत होतं आणि दर तासाला दहा मिनिटं मागे पडत होतं. व्होल्टचं आम्ही इतकं जपलं, सायकलींचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आणि हे आम्ही दोघं दर आठवड्याला मुलांकडून मोजून घेत होतो, चुकलं तर त्यांना पुन्हा करायला लावत होतो.

मी ते कुणालाही न सांगता गप्प बसलो असतो, तर ते घड्याळ तसंच बिघडलेलं राहिलं असतं, प्रदर्शन तोंडावर होतं, आणि दारातली जागा रिकामी राहिली असती. हा विचार मनात आलाच नाही असं म्हणणार नाही. पण तो फार टिकला नाही. माझ्या जोडांवर सर्दीचा ठपका ठेवून मला झोप लागली नसती. मैत्री वगैरे त्यात नव्हती. मला माझा हात सोडवून आणायचा होता, आणि तो त्याच्या घड्याळात अडकला होता.

उपाय मात्र मलाच सुचू शकत होता, हे आज शांतपणे सांगतो. वर्षभर त्या चिप्सची आकृती मी पाठ केली होती. साठ मोजायला दहाची एक चिप आणि सहाची एक होती; सहाची चिप सहा मोजून एक पुढे पाठवत होती. ती पाचलाच परत शून्यावर आली की काम झालं. तिच्या दोन पायांपासून दुसऱ्या दोन पायांना दोन तारा जोडल्या की ती तशी परतते. दोन तारा, बोटाएवढ्या.

रविवारी भिंगारला गेलो. जेवणाआधीच पाटी उलटी केली, दोन तारा जोडल्या आणि रेडिओवर वेळ लावली. जेवण होईपर्यंत घड्याळ चुकलं नाही. मित्र आधी घड्याळाकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. त्याची आई ताट घेऊन उभी होती. तिने विचारलं, काय झालं होतं त्याला?

मित्राने समजावलं. अमेरिकेच्या विजेत साठ सायकली असतात, आपल्या विजेत पन्नास.

त्याच्या आईने हातातलं ताट खाली ठेवलं. "म्हणजे आपल्या दहा सायकली कमी," ती म्हणाली. "मग ते पायी येत होतं, म्हणून उशीर."

मित्राचे वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर ते घड्याळ कुणाला समजावून सांगायचं झालं की आमच्या विभागात असंच सांगत, आपल्या दहा सायकली कमी होत्या. चूक माझ्या जोडांची नव्हती, हे सांगायला कुणी थांबत नसे. विनोद एवढा चांगला होता की त्यामागचा माणूस दिसत नव्हता.

सरांना मी स्वतः सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "म्हणजे मीही चुकलो की रे." त्यांचं ते वाक्य मी जपून ठेवलं आहे. फार थोडे शिक्षक ते म्हणतात.

प्रदर्शनात घड्याळ दारात होतं. दुष्काळाचं साल होतं, विजेचा भरवसा नव्हता, आणि वीज गेली की घड्याळ सगळं विसरून जायचं. मग मित्र ते पुन्हा लावायचा आणि भोवतीची गर्दी तेवढा वेळ श्वास रोखून थांबायची. पाथर्डीकडच्या शाळांची मुलं आली होती. ती तासभर हलली नाहीत. त्यांना सात वाजून एकोणसाठचे आठ होताना बघायचे होते, आणि ते झाले की पुन्हा पुढच्या तासाचे.

पाहुणे आले. त्यांनी विचारलं, हे कुणी केलं?

मित्राने मला दंडाला धरून पुढे ओढलं. "सामान माझ्या मेहुण्यांनी पाठवलं, पण हात याचा. आणि ते बिघडलं तेव्हा दुरुस्तही यानेच केलं. मला यातलं काही येत नाही."

पाहुण्यांनी माझ्याकडे बघून "छान" म्हटलं. मग त्याच्याकडे वळून विचारलं, "मेहुणे कुठल्या राज्यात असतात?"

मी मागे सरकलो. मित्राने जे होतं ते सगळ्यांसमोर सांगितलं होतं, जास्तच सांगितलं होतं. माझ्या जागी तो असता आणि त्याच्या जागी मी, तर मी इतक्या सहज बोललो असतो का? मला वाटत नाही. त्याच्याकडे बहीण होती, मेहुणे होते, आईच्या हातचं जेवण होतं. एक श्रेय देऊन टाकल्याने त्याचं काही कमी होत नव्हतं. त्याच्या घड्याळाचा मला मत्सर वाटला होताच. पण त्या दिवशी त्याच्या मोकळेपणाचा जो वाटला तो जास्त कडू होता, कारण त्याचं सामान टपालानेही मिळत नाही.

माझं घड्याळ उन्हाळ्याच्या सुट्टीत पुरं झालं. मी घरी गेलो नाही. चौथी नळी शेवटी मिळाली, पण ती बाकीच्या तिघींपेक्षा उंच होती आणि तिचे आकडे जरा तिरके. पाटी मीच कापली, भोकं पाडली, तारा ओढल्या. खोक्याला फळी वापरली ती प्रयोगशाळेतल्या मोडक्या स्टुलाची. पहिलं घड्याळ झालं ती गोष्ट होऊन गेली होती. दुसऱ्याला कोण येतं बघायला?

सर आले. माझ्या खोलीचा जिना चढून, धापा टाकत. खाटेवर बसले, बराच वेळ बघत राहिले आणि जिना उतरून गेले. सुट्टी संपल्यावर स्टाफरूममध्ये मात्र सगळ्यांच्या देखत म्हणाले, "ते मागवलेलं होतं. हे केलेलं आहे." मित्र तिथेच होता. तो हसून म्हणाला, "अर्थात." आणि त्याच संध्याकाळी माझ्या खोलीवर आला.

आला तो खाटेच्या काठावर बसला. मी स्टोव्ह पेटवला. तो एरवी आल्या आल्या बोलायला लागायचा. त्या दिवशी घड्याळाकडे बघत राहिला. मग त्याने ते उचललं, उलटं केलं आणि पाटीवरून नजर फिरवली. एका जोडावर त्याने नख लावून पाहिलं. जोड हलला नाही. शेजारच्यावर लावलं. घड्याळ पुन्हा जागेवर ठेवून त्याने मनगटाकडे बघितलं.

"मागे आहे," तो म्हणाला.

"किती?"

"मिनिटभर. जरा जास्तच."

दुपारी रेडिओवर लावलेलं होतं. संध्याकाळी गावात दिवे लागले, पिठाच्या गिरण्या सुरू झाल्या, की विजेच्या सायकली किंचित मंदावायच्या आणि असं घड्याळ मिनिट-दीड मिनिट मागे पडायचं. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"माझं एवढं मागे पडत नाही," तो म्हणाला.

हे होणं शक्य नव्हतं. नगरची वीज आणि भिंगारची वीज एकाच ठेक्याने चालते. त्याचं घड्याळ आणि माझं घड्याळ एकच ठोके मोजत होती. मागे पडली तर दोन्ही सारखीच पडणार, पुढे गेली तर दोन्ही सारखीच. पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे सांगता आलं असतं, आणि समोर बसला होता तो ते मुलांना शिकवत होता. त्याला हे माहीत होतं. तरी त्याने म्हटलं.

मी त्याच्याकडे नीट बघितलं. उंच नळीतल्या तिरक्या आकड्याशी त्याची नजर पुन्हा पुन्हा जात होती, तिथे काहीतरी सापडावं अशी. तो चेहरा मला आतून पाठ होता. त्याच्या पडवीत, हातात आयर्न धरून, मी किती रविवार तो चेहरा घालून बसलो होतो. त्याला तो शोभत नव्हता. सवय नव्हती त्याला.

"असेल," मी म्हणालो. "उद्या बघतो."

"बघ," तो म्हणाला.

मी चहा गाळला. चांगला कप त्याला दिला, कान तुटलेला मी घेतला. त्याचा चहा संपला तरी तो उठला नाही. शेवटच्या नळीतला आकडा बदलला की तो मनगटाकडे बघायचा. मी स्टोव्हला पंप मारला आणि पुन्हा चहा ठेवला.